जुना गार्डन ट्रॅक्टर घरच्या घरी दुरुस्त करायचा असेल तर: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

वर्षानुवर्षं बंद पडलेला गार्डन ट्रॅक्टर ताब्यात आला की दोन मोह होतात. पहिला म्हणजे लगेच बॅटरी जोडून सेल मारून बघण्याचा, आणि दुसरा म्हणजे सगळा खोलून, घासून, नव्यासारखा रंगवण्याचा. दोन्ही मोह आवरा. पहिल्या मोहापायी वाचू शकणारं इंजिन खराब होतं. दुसऱ्या मोहापायी ट्रॅक्टर डब्या-पिशव्यांमध्ये विखुरतो आणि बहुतेकदा तसाच राहतो.

माझा आग्रह एका क्रमाचा आहे: आधी ओळख, मग इंजिन मोकळं फिरतं का, मग स्पार्क, मग पेट्रोल, मग वायरिंग, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच भाग हातात घ्यायचा आणि तो पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

हा लेख साधारण १९५० ते १९८०च्या दशकांत बनलेल्या, एका सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाच्या ट्रॅक्टरांबद्दल आहे. व्हील हॉर्स, कब कॅडेट, जॉन डियर, सिम्प्लिसिटी, बोलेन्स ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. नुसतं गवत कापणारी हलकी गाडी वेगळी आणि नांगर ओढू शकणारा गार्डन ट्रॅक्टर वेगळा. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली पहिला कब कॅडेट आणला तेव्हा त्याची मागची गिअरपेटी त्यांच्याच फार्मऑल कब या शेतीच्या ट्रॅक्टरवरून घेतलेली होती. जॉन डियर ११० हे मॉडेल १९६३ मध्ये आलं. यांच्या इंजिनाचा ब्लॉक आणि गिअरपेटी बिडाची असते आणि बोल्ट उघडे, हाताला लागणारे असतात. म्हणूनच घरी दुरुस्त करण्याजोगं यंत्र म्हणून मला हे ट्रॅक्टर फार मोलाचे वाटतात.

उदाहरणं मी मुख्यतः कोहलरच्या ‘के’ मालिकेतल्या इंजिनांची देणार आहे, कारण त्या काळातल्या कितीतरी ट्रॅक्टरांवर तीच बसवलेली होती: के-१८१ (८ अश्वशक्ती), के-२४१ (१०), के-३०१ (१२), के-३२१ (१४) आणि के-३४१ (१६).

१. आधी ओळख पटवा

बॉनेटवरच्या नावावर विसंबू नका. इतक्या वर्षांत बॉनेट बदललेलं असतं, आणि इंजिन तर हमखास बदललेलं असतं. ट्रॅक्टरची मॉडेल आणि सीरियल नंबरची पट्टी शोधा. ती सीटखाली, डॅशवर किंवा चासीवर असते. इंजिनाची पट्टी वेगळी असते. कोहलरवर ती पंख्याच्या पत्र्याच्या आवरणावर मिळते आणि तिच्यावरचा स्पेसिफिकेशन नंबर हाच सुटे भाग मागवताना कामाचा. पट्टीवर रंग चढला असेल तर तो पातळ द्रवाने हलक्या हाताने काढा. पॉलिश पेपर लावलात तर आकडे कायमचे जातील.

नंबर मिळाले की तीन पुस्तकं मिळवा: चालवणाऱ्याचं मॅन्युअल, दुरुस्तीचं मॅन्युअल आणि सुट्या भागांची यादी. नवशिका माणूस तिसऱ्याकडे दुर्लक्ष करतो, पण सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. तिच्यातल्या सुटसुटीत मांडलेल्या आकृत्यांवरून कुठला वॉशर कुठल्या बाजूला जातो ते कळतं.

आता फोटो काढा. चारी बाजूंनी, प्रत्येक वायरच्या टोकाचे, गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आपोआप ताब्यात ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगचे, चोक आणि थ्रॉटलच्या केबलचे. गव्हर्नरची स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवलेली होती हे दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, आणि चुकीच्या भोकात गेली तर इंजिनाचा वेग बिघडतो. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा.

२. लागणारी साधनं

- इंची मापाचे पाने आणि सॉकेट. हे ट्रॅक्टर इंची नटबोल्टांवर बांधलेले आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की डोकं गोल होतं
- टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना), फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्र्याच्या पट्ट्या), मल्टिमीटर
- फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकावरचं जड चाक) आणि पुली ओढून काढायचे पुलर
- जॅक आणि त्यासोबत पक्के स्टँड
- गंज सोडवणारं पातळ तेल, तारेचे ब्रश, झिप पिशव्या, न पुसला जाणारा पेन
- चष्मा, हातमोजे, धुळीचा चांगल्या प्रतीचा मास्क, पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक

गंजलेल्या बोल्टबद्दल इथेच सांगतो, कारण पुढे प्रत्येक पायरीवर तो भेटणार आहे. तेल मारा, एक दिवस थांबा, पुन्हा मारा. मग बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने, असा मागे-पुढे हलवत काढा. तरी हलला नाही तर आजूबाजूचा भाग तापवा, पण टाकी आणि पेट्रोलची नळी काढून दूर ठेवल्यावरच. घाईने बोल्ट मोडला तर ड्रिल करून नवे आटे पाडण्यात अख्खा दिवस जातो.

३. जिवाला जपा

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. ओलं घासा किंवा रसायनाने रंग काढा, आणि निघालेला गाळ मुलांपासून दूर ठेवा. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या लायनिंगमध्ये, काही गॅस्केटमध्येही ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने कधीच उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली हातसुद्धा घालू नका. भाग धुवायला पेट्रोल वापरायचं नाही.

गवत कापायचा डेक असेल तर तो आत्ताच काढून बाजूला ठेवा. जागा मोकळी होते, शिवाय इंजिन तपासताना पाती फिरण्याची धास्ती राहत नाही.

४. इंजिन मोकळं आहे का

स्पार्क प्लग काढा. भोकातून थोडं पातळ तेल सोडा आणि काही वेळाने फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर सेलच्या जोरावर किंवा लांब दांडा लावून जबरदस्ती करू नका. पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि जोर केला की रिंग तुटते किंवा सिलिंडरवर चरे पडतात. रोज थोडं तेल घाला, रोज हलकासा दाब द्या. आठवडाभराने काही फरक पडला नाही तर हेड उघडा. या इंजिनांचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसतात, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण आहे आणि ते काढणं अवघड नाही. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके देता येतात. हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह वर-खाली होतात का तेही बघा. गंजून उघडा राहिलेला व्हॉल्व्ह ही जुन्या इंजिनांची नेहमीची तक्रार आहे.

मग ऑइल बघा. पातळी खुणेच्या वर आहे आणि काडीला पेट्रोलचा वास येतो? मग कार्ब्युरेटरची फ्लोट सुई गळते आहे किंवा पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे, आणि पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पेटीत, उतरलं आहे. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन इंजिन चालवलं तर बेअरिंगची जागा घासून निघते. रंग दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. काहीही असो, जुनं ऑइल काढून नवीन भरा. गोठणबिंदूच्या वरच्या तापमानासाठी एसएई ३० हे या इंजिनांचं नेहमीचं ऑइल. के मालिकेत ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी असलेलं टोक ऑइलमध्ये बुडून ते उडवतं, तेवढंच वंगण. म्हणून ऑइलची पातळी कमी असताना अर्धा मिनिटही इंजिन चालवू नये.

इथे कॉम्प्रेशनबद्दल एक सापळा आहे, त्यात पुष्कळ जण अडकतात. या इंजिनांत आपोआप कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा असते, म्हणजे सेल मारताना भार हलका व्हावा म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. त्यामुळे गेज लावून मोजलं तर आकडा कमीच येतो आणि माणूस विनाकारण इंजिन खोलतो. त्याऐवजी प्लग लावून फ्लायव्हील हाताने उलट्या दिशेने झटका देऊन फिरवा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते जोरात मागे उसळतं. नेमकं मोजायचं असेल तर लीकडाऊन टेस्टर वापरा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं उपकरण. हवा कुठून निसटते ते ऐकू येतं: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा.

हे सगळं झाल्यावर पंख्याचं पत्र्याचं आवरण काढा, आणि ही पायरी टाळू नका. आत उंदरांची घरटी, वाळलेलं गवत, मातीचा थर सापडतो. इंजिन हवेवर थंड होतं. सिलिंडरभोवतीच्या थंडाव्याच्या पाकळ्या बुजलेल्या असतील तर ते काही मिनिटांत भाजून निघतं.

५. स्पार्क

बॅटरी इग्निशन असलेल्या इंजिनात कॉइल, पॉइंट (उघड-बंद होऊन स्पार्क पाडणारा छोटा स्विच), कंडेन्सर आणि प्लग एवढाच पसारा असतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात पॉइंटवर पातळ करडा थर जमतो आणि स्पार्क बंद होतो. बारीक कानस फिरवा, मग स्वच्छ कागद पॉइंटच्या मधून ओढून घ्या. पूर्ण उघडलेल्या स्थितीत फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवा. प्लगची फट बॅटरी इग्निशनसाठी ०.०३५ इंच. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय चुंबकाने स्पार्क देणारी यंत्रणा) असेल तर ती कमी असते, मॅन्युअल बघा.

पॉइंटची फट बदलली की टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, बदलतं, म्हणून नुसत्या फीलर गेजवर थांबू नका. कोहलरमध्ये टायमिंगसाठी एक छोटं झरोका-भोक असतं. त्यातून फ्लायव्हीलवरच्या ‘टी’ आणि ‘एस’ या खुणा दिसतात. ‘टी’ म्हणजे पिस्टन अगदी वर, ‘एस’ म्हणजे स्पार्क पडायची जागा. मल्टिमीटर पॉइंटला जोडा, फ्लायव्हील हळूहळू फिरवा आणि ‘एस’ भोकासमोर येताच पॉइंट नुकते उघडायला हवेत, इतकी फट कमी-जास्त करा. एवढ्या एका कामाने सुरू व्हायला कुरकुरणारं इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होताना मी पाहिलं आहे.

फ्लायव्हील काढायची वेळ आली तर पुलर वापरा. कडेवर हातोडा मारला की पंख्याची पाती तुटतात. काढल्यावर चावी, म्हणजे फ्लायव्हील दांड्यावर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा, बघा. ती अर्धवट जरी कापली गेली असेल तरी टायमिंग सरकतं.

६. पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. वास आंबट आणि वार्निशसारखा असेल तर ते कशातही मिसळून वापरू नका. टाकी लोखंडी असेल आणि आत गंज असेल तर मूठभर नट किंवा छोटी साखळी आणि थोडा द्रव घालून हलवा, धुवा, पूर्ण वाळवा. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग घरी कधीही करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ असते.

रबरी नळ्या सगळ्या बदला, चांगल्या दिसल्या तरी. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुनं रबर फुगतं आणि चुरा होऊन कार्ब्युरेटरमध्ये जातं. नळीत फिल्टर आणि टाकीखाली बंद करायचा कॉक बसवा.

कार्ब्युरेटर सोडवून, खोलून, साफ करा. जेटच्या भोकात पोलादी तार घालू नका. भोक मोठं झालं की ट्यूनिंग कधीच जमत नाही. मऊ तांब्याची तार किंवा हवेचा झोत पुरतो. पितळी फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक पडलं आहे. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवा. तो चांगलाच डुगडुगत असेल तर तिथून हवा शिरते आणि इंजिनाचा वेग सतत चढत-उतरत राहतो. कितीही स्क्रू फिरवले तरी हा दोष जात नाही, बुशच बदलावं लागतं.

जोडताना सुईचे स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत नेऊन दीड ते दोन फेरे बाहेर काढा. आवळून दाबले तर सुईच्या टोकाला खाच पडते.

७. पहिल्यांदा सुरू करताना

मोकळ्या हवेत, चारी चाकांना अडसर लावून, गिअर न्यूट्रलमध्ये, अग्निशामक जवळ. सुरू करण्याआधी गव्हर्नरचा दांडा आणि थ्रॉटल एकमेकांना जोडलेले आहेत का, ते अडकत नाहीत ना, हे हाताने बघा. के मालिकेचा कमाल वेग मिनिटाला ३६०० फेरे आहे. गव्हर्नर निकामी असेल तर इंजिन त्याच्या कितीतरी पुढे पळतं, ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड तुटतो आणि ब्लॉक फुटतो. बंद करायची वायर कुठली ते आधीच हेरून ठेवा.

सुरू झालं की पहिल्या वेळी मिनिटभरातच बंद करा. गळती, आवाज, धूर बघा. निळा धूर बराच वेळ राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. पण आत घातलेलं तेल जळेपर्यंत धूर येणारच, त्यावरून लगेच निदान करू नका. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. सगळ्या सीलमधून ऑइल पाझरत असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी वाट) साफ करून बघा. तो बुजला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि चांगली सीलसुद्धा गळायला लागतात.

इंजिन पूर्ण खोलायचंच ठरलं तर बोअर, क्रँक आणि पिस्टनची मापं मायक्रोमीटरने घ्या, आणि मापाबाहेर असेल तर बोरिंगचं काम लेथवाल्या कारागिराकडे द्या. के-२४१ पासून पुढच्या काही इंजिनांत कंप कमी करण्यासाठी बॅलन्स गिअर असतात. ते सुटून ब्लॉक फोडतात म्हणून बरेच जाणकार ते काढूनच टाकतात. मीही त्याच मताचा आहे.

८. वायरिंग

जुनी वायर वाकवून बघा. आवरण तडकलं तर सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, नवा करा. तुकडे जोडत बसू नका. अर्थची वायर जिथे चासीला लागते तिथला रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा. निम्म्या विजेच्या तक्रारी तिथेच संपतात.

अनेक ट्रॅक्टरांवर सेल आणि जनरेटर हे एकच यंत्र असतं, पट्ट्याने इंजिनाला जोडलेलं. पट्टा ढिला असेल तर सेल घसरतो. जनरेटर किंवा रेग्युलेटर बदलला असेल तर इंजिन सुरू करण्याआधी तो पोलराइज करावा लागतो, म्हणजे त्याची धन-ऋण दिशा ठरवून द्यावी लागते. नेहमीच्या डेल्को-रेमी जोडणीत रेग्युलेटरच्या ‘बॅट’ आणि ‘जेन’ या टोकांना वायरने क्षणभर स्पर्श करतात. पद्धत जनरेटरच्या प्रकारावर ठरते, म्हणून मॅन्युअल उघडून खात्री करा. सीट किंवा क्लचचा सुरक्षा स्विच असेल तर तो टाळून थेट जोडणी करू नका.

९. गिअर, ब्रेक, स्टिअरिंग

गिअरपेटीत कुठलं तेल जातं हे अंदाजाने ठरवू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत ते वेगळं असू शकतं, आणि हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) पेटीत चुकीचं तेल महागात पडतं. तेल दुधाळ असेल तर बदला, थोडं चालवा, पुन्हा बदला. हायड्रोस्टॅटिक पंप विनाकारण उघडू नका. ताजं तेल आणि फिल्टर यानेच बऱ्याच तक्रारी जातात. असा ट्रॅक्टर ढकलताना आधी मोकळं करायचा व्हॉल्व्ह वापरा.

मागच्या चाकाचं हब गंजून बसलं असेल तर ॲक्सलच्या टोकावर घणाचे घाव घालू नका. तो धक्का थेट आतल्या गिअरना बसतो. मजबूत पुलर, तेल, उष्णता आणि वाट बघणं, हाच उपाय. टायरमध्ये वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असेल तर रिम आतून कुजलेली असते, टायर काढून बघाच.

किंगपिन (पुढचं चाक वळतं तो खुंटा), टाय रॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्याची) टोकं, पुढच्या चाकांची बुशं हलवून बघा, झिजलेली बदला, सगळ्या निपलांना ग्रीस द्या. ब्रेक लागल्याशिवाय ट्रॅक्टर उतारावर नेऊ नका.

१०. गंज आणि रंग

आता, ट्रॅक्टर चालायला लागल्यावर, रंगाचा विचार करा. किंवा करूही नका. मूळ रंग आणि मूळ अक्षरं बऱ्यापैकी टिकली असतील तर धुऊन, पुसून तशीच ठेवावीत असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा घासून गेलेला कारखान्याचा रंग परत आणता येत नाही. उकळलेलं जवसाचं तेल लावणार असाल तर त्याची फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गंजलेल्या लोखंडी भागांसाठी विजेची पद्धत छान आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. ऋण टोक भागाला, धन टोक भंगार लोखंडाच्या पत्र्याला. तिथे स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम संयुगं पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचे भाग आणि कडक स्प्रिंगा यात घालू नका. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, आणि टबात हात घालण्याआधी चार्जर बंद. भाग बाहेर काढताच वाळवून प्रायमर मारा, नाहीतर तासाभरात नवा गंज दिसतो.

घरच्या कामाला साधा इनॅमल पुरतो. दोन घटकांच्या काही रंगांतल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला साधा मास्क पुरत नाही. शेड निवडताना मॉडेलचं वर्ष तपासा. सगळे जॉन डियर हिरवेच नव्हते. १९६९ च्या सुमारास त्यांनी पांढऱ्या ट्रॅक्टरवर रंगीत बॉनेट आणि सीट असलेली ‘पॅटिओ’ मालिका काढली होती. असा ट्रॅक्टर हाती लागला आणि तो हिरवा करून टाकला तर फार वाईट वाटेल. रंगवताना नंबरची पट्टी, ग्रीस निपल, अर्थच्या जागा आणि एकमेकांवर बसणारे पृष्ठभाग झाकून घ्या.

११. पहिले काही तास

पहिल्या चार-पाच तासांनंतर ऑइल बदला. साचलेला गाळ तेव्हाच सुटतो. हेड उघडलं असेल तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर त्याचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्कने पुन्हा तपासा. पट्टे ताणून घ्या, चाकांचे नट आवळा, ट्रॅक्टरखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी कुठे थेंब पडलेत ते बघा. दीर्घकाळ उभा ठेवायचा असेल तर टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो. शेवटी बॅटरीचं ऋण टोक सोडवा.